‘दोन मनोरे’ : चित्रगृहांतले आणि घरांतले

एकत्र कुटुंबांत मधल्या भावंडाची स्थिति कशी असते, हें आमच्या वाचकांना निराळें सांगावयास नको. थोरल्याच्या वांट्याला मान येतो, धाकट्याच्या वांट्याला लाड येतात. मधल्यानें थोरल्याचे कपडे वापरावे आणि धाकट्याला सांभाळावें, एवढेंच त्याचें कर्तव्य. तीन भागांत सांगितलेल्या कथेच्या दुसऱ्या भागाचें दैवहि कांहींसें असेंच असतें. आरंभाची नवलाई पहिल्या भागानें नेलेली असते, शेवटाचें समाधान तिसऱ्यासाठीं राखून ठेवलेलें असतें, आणि मधल्यानें मात्र प्रेक्षकाला तीन तास खुर्चीवर खिळवून ठेवावयाचें असतें. इतकें करूनहि लोक त्याची तुलना करणार ती एकदां मागच्याशीं आणि एकदां पुढच्याशीं!

असें असतां ज्या एका दुसऱ्या भागानें जगभर कोट्यवधि प्रेक्षक मिळविले, ज्याच्याविषयींचा वाद दोन दशकांनंतरहि पुरता शमलेला नाहीं, आणि जो चित्रगृहांतून घरीं आला तो आपलें रूप पालटून आला, त्या चित्रपटाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा चित्रपट म्हणजे न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांचा ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज : दि टू टॉवर्स’, अर्थात् ‘दोन मनोरे’. तो १८ डिसेंबर २००२ रोजीं अमेरिकेंत व इतर कित्येक देशांत प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनीं त्याची मुक्तकंठानें प्रशंसा केली, तसेच त्याच्यावर दोषहि ठेवले. आमच्या मतें त्यांतील सर्वांत मोठ्या दोषाचा खरा विचार झाला तो चित्रगृहांत नव्हे, तर घरच्या दिवाणखान्यांत. तो कसा, हें सांगणें हाच या लेखाचा हेतु.

पूर्वपीठिका

ज्यांनीं मूळ ग्रंथ वाचलेला नाहीं त्यांच्यासाठीं थोडी माहिती आधीं देतों. ग्रंथकर्ते जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक होते. प्राचीन इंग्रजी भाषा हा त्यांचा विषय. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, सोम नदीकांठच्या भीषण लढाईंत ते सैनिकी अधिकारी म्हणून होते, आणि त्यांचे जिवलग मित्र त्या युद्धांत कामास आले. ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ ही त्यांनीं एकच अखंड कथा म्हणून लिहिली. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर कागद दुर्मिळ व महाग झालेला असल्यामुळें ती १९५४ व १९५५ या सालीं तीन खंडांत निघाली. म्हणजे ‘दुसरा भाग’ ही वस्तु मुळांत ग्रंथकर्त्याच्या मनांतली नव्हेच; ती कागदाच्या टंचाईनें जन्माला घातलेली आहे!

कथेचें सार असें : एका अंगठीच्या ठायीं जगावर सत्ता गाजविण्याचें सामर्थ्य आहे, परंतु जो ती बाळगील त्याचें मन ती हळूहळू नासवून टाकते. ती शत्रूच्याच मुलखांतील अग्निपर्वतांत टाकून नष्ट करावयाची आहे, आणि हें काम येऊन पडलें आहे फ्रोडो नांवाच्या एका ठेंगण्या, शांतताप्रिय हॉबिटावर. पहिल्या भागाच्या अखेरीस सोबत्यांची फाटाफूट होते. दुसऱ्या भागांत फ्रोडो व त्याचा सेवकमित्र सॅम हे गॉलम नांवाच्या, अंगठीच्या मोहानें पार बरबाद झालेल्या एका जीवाला वाटाड्या करून शत्रूच्या सीमेकडे जातात. तिकडे इतर सोबती रोहन देशाच्या राजाला हेल्म्स डीप या किल्ल्याच्या रक्षणास साह्य करतात. आणि दोन हॉबिट एन्ट नांवाच्या वृक्षरूपी वृद्धांच्या अरण्यांत जाऊन पडतात. टॉल्कीन यांनीं या हकीकती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत : खंडाच्या पूर्वार्धांत राजा, किल्ला व अरण्य, आणि उत्तरार्धांत केवळ फ्रोडो, सॅम व गॉलम. चित्रपटानें त्यांची वेणी घातली.

तिन्ही चित्रपटांचें मुख्य चित्रण न्यूझीलंडमध्यें ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळांत एकदमच उरकण्यांत आलें होतें, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. दुसरा भाग हा पहिल्याच्या यशावरून मागाहून सुचलेला नव्हे. तो त्याच भट्टींतून निघालेला आहे. नांवावरूनहि एक गंमत झाली. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कचे दोन गगनचुंबी मनोरे पाडण्यांत आले, त्यानंतर ‘हें नांव आतां बदला’ अशी मागणी कांहीं लोकांनीं केली. ज्या नांवाला तेव्हांच जवळजवळ अर्धें शतक होत आलें होतें तें बदलणें शक्य नव्हतें, आणि तें बदललेंहि गेलें नाहीं.

आमच्या घरची सभा

हा चित्रपट आम्ही प्रथम चित्रगृहांत पाहून आलों त्या रात्रीं जेवणाच्या पानावर जो वाद झाला, त्यांत जगांतील बहुतेक सर्व पक्षांचे वकील हजर होते असें आतां वाटतें.

आमचे थोरले बंधु युद्धावर खूष होते. हेल्म्स डीपची लढाई मूळ ग्रंथांत एका प्रकरणापुरती आहे. जॅक्सन यांनीं तिला साऱ्या चित्रपटाचा कळस बनविलें. भर पावसांत, मध्यरात्रीं, भाल्यांचें अरण्य तटाकडे चालून येतें, तें पाहतांना आपलेच हात खुर्चीच्या दांडीवर आवळले जातात. वेलिंग्टन शहराजवळच्या एका दगडाच्या खाणींत किल्ल्याचा देखावा उभारून महिनोन्‌महिने रात्रींच्या रात्रीं जागून हें चित्रण झालें. दहा हजार राक्षसांची फौज उभी करण्यासाठीं ‘मॅसिव्ह’ नांवाची एक संगणकप्रणाली तयार करण्यांत आली. तींतील प्रत्येक सैनिक आपल्या आसपास काय चाललें आहे हें ‘पाहून’ आपली हालचाल ठरवीत असे. आणि त्या फौजेची जी रणगर्जना ऐकूं येते, ती वेलिंग्टनच्या क्रीडांगणावर क्रिकेटचा सामना पाहण्यास जमलेल्या सुमारें २५,००० प्रेक्षकांकडून जॅक्सन यांनीं मध्यंतरांत वदवून घेतलेली आहे! हें समजल्यापासून आमच्या बंधूंना त्या राक्षसांविषयीं थोडी आपुलकीच वाटूं लागली आहे.

आमची धाकटी कन्या गॉलमसाठीं रडली. अँडी सर्किस या नटानें तो प्रत्यक्ष वठविला, त्याच्या अंगविक्षेपांची नोंद यंत्रांनीं घेतली, आणि वेटा या न्यूझीलंडमधील संस्थेच्या कारागिरांनीं त्या हालचालींवर संगणकानें गॉलमचें शरीर व मुख चढविलें. त्याच्या एकाच देहांतील दोन मनें एकमेकांशीं भांडतात, त्या प्रसंगीं चित्रगृहांत टांचणी पडली तरी ऐकूं आली असती. या भूमिकेला अभिनयाचें पारितोषिक द्यावें कीं नाहीं, नटाचा चेहरा पडद्यावर नसतां अभिनय कोणाचा मानावा, हा वाद त्या वेळीं मोठा गाजला. अखेर या चित्रपटाला २००३ सालीं ऑस्करच्या सहा नामनिर्देशनांपैकीं दोन पारितोषिकें मिळालीं, तीं दृश्यचमत्कारांचें व ध्वनिसंपादनाचें. अभिनयाच्या यादींत सर्किसचें नांव नव्हतें.

परंतु आमचा पुतण्या रुसून बसला होता. त्यानें ग्रंथाचीं पारायणें केलेलीं. त्याचे आक्षेप त्यानें बोटांवर मोजून दाखविले, आणि पुढें आम्हीं पाहिलें तों जगभरचे ग्रंथप्रेमी वाचक हेच आक्षेप घेत होते. पहिला आक्षेप, हेल्म्स डीपला देवगणांसारखी ती एल्फांची सेना येते ती कोठून? ग्रंथांत ती येतच नाहीं, आणि तिचा नायक हाल्डीर तेथें मरतहि नाहीं. दुसरा, गिम्ली या शूर बुटक्याचा विदूषक करून टाकला. तिसरा, ग्रंथांत एन्ट वृद्ध सभा भरवितात, दीर्घ विचार करतात व युद्धाचा निश्चय करतात. चित्रपटांत ते आधीं नकार देतात, आणि मग तोडलेले वृक्ष डोळ्यांनीं पाहिल्यावर एकाएकीं खवळतात. त्यांच्या शहाणपणाला हा उणेपणा नव्हे काय?

“आणि काका,” तो म्हणाला, “फॅरामीरचें त्यांनीं जें केलें, त्याला तर क्षमाच नाहीं.”

फॅरामीरचा खटला

हा फॅरामीर कोण, तें सांगितलें पाहिजे. कारण आमच्या लेखाचा खरा नायक तोच आहे. गोंडोर राज्याचा कारभारी डेनेथॉर याला दोन पुत्र. थोरला बोरोमीर हा पहिल्या भागांत फ्रोडोच्या सोबत्यांपैकीं एक. अंगठीच्या मोहानें तो ती फ्रोडोपासून हिसकावूं पाहतो, आणि पश्चात्ताप पावून दोघां हॉबिटांचें रक्षण करतांना वीरमरण पत्करतो. धाकटा फॅरामीर सीमेवरील एका तुकडीचा नायक आहे. फ्रोडो व सॅम त्याच्या हातीं सांपडतात, आणि अंगठी त्यांच्याजवळ आहे हें त्याला कळतें.

ग्रंथांतील फॅरामीर या कसोटीला उतरतो. रस्त्यांत पडलेली दिसली तरी ती वस्तु मी उचलणार नाहीं, अशा अर्थाचें बोलून तो हॉबिटांना शिधा देऊन वाटेला लावतो. ज्या मोहानें भाऊ गेला त्या मोहाला हा शिवत नाहीं. टॉल्कीन यांच्या वाचकांना हा पुरुष अतिशय प्रिय आहे, आणि तें योग्यच आहे.

चित्रपटांतील फॅरामीर मात्र हॉबिटांना बांधून ओस्गिलियाथ या उद्ध्वस्त नगराकडे ओढीत नेतो; अंगठी बापाकडे धाडावयाची, असा त्याचा बेत. अगदीं शेवटीं, सॅमच्या बोलण्यानें व डोळ्यांनीं पाहिलेल्या संकटानें तो शुद्धीवर येतो, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणें आपला प्राण जाईल हें ठाऊक असतांहि त्यांना सोडून देतो. चित्रगृहांतून बाहेर पडणाऱ्या ग्रंथप्रेमी प्रेक्षकाला वाटलें, आमच्या साधुपुरुषाला यांनीं आडदांड शिपाई करून टाकलें. आणि ज्यानें ग्रंथ वाचला नव्हता त्याला तर हा माणूस कोण, इतका कठोर कां, आणि अकस्मात् मवाळ कां झाला, यांतलें कांहींच उमगलें नाहीं. आमच्या बंधूंनीं त्याचें नांवहि लक्षांत ठेवलें नव्हतें. ‘तो मधला त्रासदायक मनुष्य’ एवढीच त्याची ओळख.

दुसऱ्यांदा आलेला चित्रपट

१७९ मिनिटांचा हा चित्रपट २६ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंत डी. व्ही. डी. तबकड्यांवर व फितींवर विक्रीला आला. चित्रगृहांत होता तसाच तो होता. त्याच संचांत पुढें येणाऱ्या एका मोठ्या आवृत्तीची झलकहि घातली होती. ती मोठी आवृत्ति १८ नोव्हेंबर २००३ रोजीं चार तबकड्यांच्या संचांत प्रसिद्ध झाली. तींत सुमारें ४३ मिनिटांचा नवा भाग होता, आणि त्यासाठीं संगीतकार हॉवर्ड शोर यांनीं नवें संगीत रचून मुद्रित केलेलें होतें. गाळलेले तुकडे मागाहून शेवटीं चिकटविण्याची जी रीत असते ती ही नव्हे. कथेच्या अंगांत ते जेथल्या तेथें विणलेले होते. दोन तबकड्यांवर चित्रपट, उरलेल्या दोहोंवर निर्मितीची साद्यंत हकीकत, आणि शिवाय चित्रपट चालूं असतां ऐकावयाचीं चार निरनिराळीं भाष्यें : एक दिग्दर्शक व लेखिकांचें, एक देखावे व वेषभूषा योजणारांचें, एक निर्मिति व संपादन करणारांचें, आणि एक नटांचें. ग्रंथाच्या पोटांत टीका छापावी तशीच ही योजना. ॲरागॉर्नचें काम करणाऱ्या व्हिगो मॉर्टेन्सन यांनीं एका प्रसंगीं शिरस्त्राणाला लाथ मारली तेव्हां पायाचीं दोन बोटें मोडलीं, आणि पडद्यावर जी वेदनेची आरोळी ऐकूं येते ती खरीखुरी आहे, अशा गोष्टी प्रेक्षकांना या संचामुळें घरबसल्या कळल्या.

वाढविलेल्या भागांत कांहीं केवळ गमतीचें आहे. राजाची भाची एओविन हिनें केलेली खीरहि नव्हे आणि आमटीहि नव्हे अशी एक पातळ वस्तु ॲरागॉर्न संकोचानें खातो, आणि त्याचें वय ८७ वर्षांचें आहे हें तिला कळतें. लढाईनंतर राक्षसांना चालते वृक्ष गिळून टाकतात. हॉबिटांना भिजलेल्या कोठारांत खाण्याचे जिन्नस सांपडतात. कांहीं भाग मात्र गंभीर आहे. राजपुत्राच्या अंत्यविधींत एओविन प्राचीन इंग्रजींत शोकगीत गाते. घरांतील एकुलत्या मुलाचें प्रेत नेतांना बायकांनीं कसें उभें राहावें हें ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला तो देखावा परका वाटत नाहीं. आणखी एका प्रसंगीं फॅरामीर एका मृत शत्रुसैनिकाकडे पाहून विचारांत पडतो : हा कोठला, याचें नांव काय, हा खरोखरच दुष्ट होता काय, कीं कोणाच्या खोट्या वचनांनीं घर सोडून इतक्या दूर मरावयास आला? ग्रंथांत हा विचार सॅमच्या मनांत येतो. सोमच्या खंदकांतून जो परतला त्यानेंच लिहावा असा हा विचार आहे. छोट्या आवृत्तींत तो साफ गाळला गेला होता.

बापाच्या तोंडचें वाक्य

तो संच कांहीं वर्षांनीं आमच्या घरीं आला. पुतण्यानें तो दोन रात्रीं मिळून पाहण्याचें ठरविलें. आमच्या मातुःश्रींना इंग्रजी बोलणें भरभर समजत नाहीं; म्हणून तो आजीच्या शेजारीं बसून अर्थ सांगत होता. दुसऱ्या तबकडीवर फॅरामीर आपल्या मेलेल्या भावाच्या आठवणींत बुडतो, आणि छोट्या आवृत्तींत मुळींच नसलेला एक प्रसंग सुरू झाला.

ओस्गिलियाथ परत जिंकलें आहे. दोघे भाऊ गळ्यांत गळा घालून हंसत आहेत. इतक्यांत बाप डेनेथॉर येतो. थोरल्याला तो पोटाशीं धरतो. धाकट्याला, नगर राखतां आलें नाहीं म्हणून, सर्वांदेखत हिणवितो. बोरोमीर भावाची बाजू घेतो, पण बापाला तें ऐकावयाचेंच नाहीं. पुढें अंगठीच्या शोधार्थ कोणीतरी दूर रिव्हेंडेलला गेलें पाहिजे असें निघतें. थोरल्याला जाण्याची इच्छा नाहीं. धाकटा पुढें होऊन म्हणतो, त्याच्याऐवजीं मला पाठवा. त्यावर बाप उपहासानें उत्तर देतो : म्हणजे गोंडोरच्या नायकाला आपली लायकी दाखविण्याची संधि पाहिजे तर! आणि तें काम तो थोरल्यालाच देतो. कां, तर थोरला आपल्याला कधीं निराश करणार नाहीं म्हणून.

आतां पाहा. छोट्या आवृत्तींतहि फॅरामीर अंगठी दिसतांच जवळजवळ हेच शब्द उच्चारतो : नायकाला आपली लायकी दाखविण्याची संधि आली. तेथें ती फुशारकी वाटते. मूळ ग्रंथांतहि हे शब्द आहेत. पण तेथें तो क्षणभर दरारा निर्माण करून लगेच हंसतो व खालीं बसतो. मोठ्या आवृत्तींत मात्र प्रेक्षकाला ठाऊक असतें कीं हे शब्द त्याचे नव्हेतच. ते बापानें मारलेले आहेत, आणि पोर ते अद्याप अंगावर वागवीत आहे. अंगठी त्याला सत्तेसाठीं नको आहे. ती घेऊन घरीं जावें आणि बापानें एकदां मान वर करून आपल्याकडे पाहावें, एवढ्यासाठीं पाहिजे आहे. मोह तोच, पण त्याची जात निराळी.

प्रसंग संपला तेव्हां मातुःश्रींनीं खूण करून चित्र थांबवावयास सांगितलें. “थोरला बिचारा चांगला होता रे,” त्या पुतण्याला म्हणाल्या, “पण त्या बापानें दोन्ही पोरें घालविलीं. एकाला पाठवून आणि एकाला न पाठवून.” कोणी कांहीं बोललें नाहीं. आमचे बंधु चष्मा पुसूं लागले. आमच्या वडिलांच्या हयातींत आम्हां दोघां भावांपैकीं कोणाला कोणतें वाक्य किती वर्षें बोचत राहिलें, तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. परंतु त्या रात्रीं आम्ही दोघेहि बराच वेळ गॅलरींत बसून बोललों, आणि त्या गोष्टी आम्हीं पूर्वीं कधीं बोललेल्या नव्हत्या.

पुतण्याचा आक्षेप याने मिटला काय? नाहीं, आणि तो सहजासहजीं मिटूंहि नये. त्या संचावरील भाष्यांत व हकीकतींत जॅक्सन, फ्रॅन वॉल्श व फिलिपा बॉयन्स यांनीं आपली बाजू मांडली आहे. तीन तास ज्या अंगठीची भीति प्रेक्षकाला घालावयाची, ती एका मनुष्यानें सहज दूर सारली तर भीतीच उरणार नाहीं, हें त्यांचें एक कारण. फ्रोडोच्या हकीकतींतील राक्षसी कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागांत ढकलल्यामुळें त्याच्या वाटेला दुसरें कांहीं संकट पाहिजे होतें, हें दुसरें. कारणें व्यवहाराचीं आहेत. नाटकाचें गणित जाणणाराला तीं पटतील. परंतु ग्रंथाला जें सांगावयाचें होतें, कीं मोहाला न शिवणारीं माणसेंहि या जगांत असतात, तें चित्रपटांतून गेलें तें गेलेंच. ग्रंथकर्त्याचे पुत्र ख्रिस्तोफर टॉल्कीन यांनीं २०१२ सालीं एका फ्रेंच दैनिकाला दिलेल्या मुलाखतींत या चित्रपटांवर कठोर टीका केली : ग्रंथाचें मर्म काढून टाकून त्याचा तरुणांसाठीं मारामारीचा खेळ केला, असा तिचा आशय. ज्यांनीं वडिलांच्या हस्तलिखितांच्या संपादनांत आयुष्य वेंचलें, त्यांच्या दुःखाचा आदरच केला पाहिजे. मात्र तीच टीका छोट्या आवृत्तीला जितकी लागू पडते तितकी मोठीला पडत नाहीं, असें आमचें नम्र मत आहे. मारामारी दोहोंतहि तीच. मोठींत माणसें अधिक आहेत.

लांबी, पैसा आणि धीर

विरुद्ध पक्षाचें म्हणणेंहि सांगितलें पाहिजे. पुष्कळ प्रेक्षकांना मोठी आवृत्ति संथ वाटते. पावणेचार तासांच्या आसपास जाणाऱ्या चित्रपटाला रात्रीचें एक जेवण आणि एक झोप अशा दोन्हींची मध्यंतरें लागतात. एन्टांच्या अरण्यांतील वाढविलेले संवाद कथेला पुढें नेत नाहींत, आणि गिम्लीचे विनोद कमी होण्याऐवजीं थोडे वाढलेच आहेत. चित्रगृहांत हें सारें बसविलें असतें तर लोक कंटाळले असते, ही गोष्ट खरी. कीर्तनकार देवळांत आख्यान आटोपतें घेतो. तेंच आख्यान घरच्या ओसरीवर लावलें तर आडकथा सांगतो, कारण तेथें कोणाला शेवटची गाडी पकडावयाची नसते. छोटी व मोठी आवृत्ति यांतील भेद हा असा स्थळाचा भेद आहे.

पैशाची तक्रार मात्र रास्त आहे. ज्यांनीं ऑगस्टांत एक संच घेतला त्यांनींच नोव्हेंबरांत दुसरा घेतला. २००६ सालीं दोन्ही आवृत्त्या एकत्र देणारा तिसरा निघाला. २०१० सालीं ब्लू-रे तबकडीवर आधीं छोटी आवृत्तिच आली आणि मोठीसाठीं लोकांना २०११ पर्यंत थांबावें लागलें. २०२० सालीं दोन्ही आवृत्त्या अधिक सूक्ष्म चित्राच्या ४के तबकड्यांवर निघाल्या. मोहाविरुद्ध सांगितलेली कथा पांच-पांच वेळां विकत घेणाऱ्या प्रेक्षकानें गॉलमला हंसूं नये, हें उत्तम!

एक योगायोग नमूद करून हा विषय आटोपतों. तिसरा भाग १७ डिसेंबर २००३ रोजीं चित्रगृहांत आला. त्यांत डेनेथॉर प्रथमच चित्रगृहाच्या पडद्यावर दिसला, आणि थोरल्याऐवजीं धाकटा गेला असता तर बरें झालें असतें, असें त्यानें फॅरामीरला तोंडावर कबूल केलें. ज्यांनीं महिन्यापूर्वीं घरीं मोठी आवृत्ति पाहिली होती त्यांना त्या क्षणाची सारी पूर्वतयारी होती. इतरांना तो बाप आयत्या वेळीं भेटला. घरच्या तबकडीनें चित्रगृहाच्या चित्राला अर्थ पुरविला, असें उदाहरण आम्हांला तरी दुसरें चटकन आठवत नाहीं.

आमच्या वाचकांना आमची सूचना एवढीच. घरांत दहा-बारा वर्षांपुढचीं मुलें असतील तर पहिला भाग आधीं दाखवून मग हा मोठ्या आवृत्तींतच दाखवावा; लढाईचा भाग भयंकर आहे, त्याहून लहानांना तो दाखवूं नये. दोन रात्रीं कराव्या. वडील मंडळींना सोबत बसवावें आणि अर्थ सांगणारें एक पोर त्यांच्याजवळ द्यावें. ज्याला ग्रंथ वाचावयाचा असेल त्यानें तो अवश्य वाचावा, म्हणजे खरा फॅरामीर त्याला भेटेल. परंतु दुसऱ्या फॅरामीरलाहि दारांतून परत पाठवूं नये. चित्रगृहांत आपण त्याचें वर्तन पाहिलें व त्याला दोष दिला. त्याचें घर पाहिल्यावर तो दोष देतांना जीभ अडखळली. आपल्या स्वतःच्या घरांतहि अबोल, तुटक, ‘मधला त्रासदायक’ म्हणून बाजूला पडलेलें एखादें माणूस असतें. त्याच्याहि कथेंतील कांहीं मिनिटें आपण पाहिलेलीं नसतात.